टाकी धुतली, पाणी बदललं, तरी मुळं पुन्हा तपकिरी

हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीविना खतपाण्यावर शेती करणाऱ्यांची तक्रार साधारण एकच असते. लेट्यूस, पालक किंवा बेझिलचा एनएफटी सेटअप (उतरत्या चॅनेलमधून मुळांखालून खतपाण्याचा पातळ थर वाहतो आणि टाकीत परत येतो), खाली २०० लिटरची टाकी, तिच्यात एक सबमर्सिबल पंप आणि मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेला एअर पंप. फेब्रुवारीपर्यंत सगळं ठीक. मार्च संपता संपता पानं दुपारी माना टाकायला लागतात, संध्याकाळी सावरतात. मुळं आधी पिवळट, मग तपकिरी आणि बुळबुळीत होतात. चिमटीत धरून ओढलं की वरची साल हातात येते, आत नुसता दोरा उरतो. टाकी रिकामी करून घासली, नवीन खतपाणी भरलं, की आठ-दहा दिवस बरे जातात. मग पुन्हा तेच.

इथे बहुतेक जण मोठा एअर पंप आणतात. कधी फरक पडतो, बऱ्याचदा पडत नाही, कारण टाकीतला प्राणवायू कमी पडण्यामागे पंपाचा आकार हे क्वचितच एकमेव कारण असतं. आधी पाण्याचं तापमान, मग टाकीतलं पाणी खरंच फिरतंय का, मग हवा, मग खताचा गाळ, आणि सगळ्यात शेवटी औषध, या क्रमाने तपासलं तर पैसे वाचतात. बुरशीनाशकापासून सुरुवात करणाऱ्यांचा सेटअप पुढच्या महिन्यात त्याच जागी येतो.

आधी थर्मामीटर

पाण्यात विरघळून राहू शकणाऱ्या प्राणवायूला मर्यादा असते आणि ती तापमानानुसार खाली येते. २० अंशाला दर लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम, २५ ला ८.३, ३० ला ७.६, ३५ ला जवळपास ७. हे आकडे समुद्रसपाटीचे. पुण्यासारख्या साधारण ५६० मीटर उंचीवर यातले आणखी सहा टक्के वजा करा. खतामुळे मात्र फारसा फरक पडत नाही. ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यात किती खत विरघळलंय याचं माप) २ असली तरी घट एक टक्क्याच्या आतच असते.

आता कुणी म्हणेल, ३० अंशाला ७.६ म्हणजे वाईट नाही. खरंच नाही. ६ च्या वर असेल तर पालेभाजी खुशीत असते. अडचण मागणीची आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की मुळांचा श्वसनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. त्यात पिथियमची (मुळं कुजवणारा बुरशीसारखा सूक्ष्मजीव) उष्ण पाण्यात फोफावणारी जात ३० अंशाच्या पुढेच रंगात येते आणि तिचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात. म्हणजे पुरवठा थोडा घटला, मागणी खूप वाढली आणि शत्रूला बळ मिळालं. एअर पंप कितीही मोठा असला तरी साध्या हवेने पाणी संपृक्ततेच्या पलीकडे जात नाही. त्यामुळे ३३ अंशाच्या पाण्यात दुसरा पंप लावून हाती फार लागत नाही.

मोजायचं दुपारी चारला, आणि दोन ठिकाणी: टाकीत, आणि चॅनेलमधून परत येणाऱ्या पाण्यात. परतीचं पाणी टाकीपेक्षा तीन-चार अंश गरम असेल तर तापवणारी वस्तू टाकी नाही, चॅनेल आहे. तिथे शेडनेट आणि पांढरा रंग हवा, टाकीला थर्माकोल गुंडाळून उपयोग नाही. दोन्हीकडे सारखंच गरम असेल तर टाकी बघा. काळी टाकी गच्चीवर उन्हात असेल तर दुसरं कारण शोधायची गरजच नाही.

एक उगम सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: पाण्यात बुडालेला पंप स्वतःच. ४० वॉटचा सबमर्सिबल चोवीस तास चालला तर त्याची जवळजवळ सगळी ऊर्जा शेवटी उष्णता होऊन पाण्यातच राहते. २०० लिटरला ती दिवसाला सुमारे ४ अंश तापवायला पुरेशी आहे; प्रत्यक्षात काही उष्णता बाहेर जाते म्हणून आकडा कमी दिसतो, इतकंच. गरजेपेक्षा मोठा पंप बसवून बॉल व्हॉल्व्हने प्रवाह दाबून ठेवणं म्हणूनच दुहेरी तोट्याचं. लहान पंप लावा किंवा पंप टाकीबाहेर बसवा.

थंड करण्याचा सोपा वाटणारा उपाय म्हणजे बर्फाच्या बाटल्या. हिशोब करून बघा. २०० लिटर पाणी ३२ वरून २७ ला आणायचं तर सुमारे साडेनऊ किलो बर्फ लागतो, आणि तो एकदाच पुरतो. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेवढाच. फ्रीजरमधल्या दोन बाटल्या टाकून मनाचं समाधान होतं, पाण्याचं नाही. त्यापेक्षा टाकी जमिनीत अर्धी-पाऊण पुरणं, वर छप्पर घालणं, ५० मिमी थर्माकोल लावणं, आणि शक्य असेल तर २०० ऐवजी ५०० लिटरची टाकी घेणं. मोठा साठा हळू तापतो, आणि ईसी-पीएचही हळू हलतात. नाशिक, नगर, विदर्भात एप्रिल-मेमध्ये टाकीभोवती ओलं गोणपाट गुंडाळून ते ठिबकने ओलं ठेवलं तर माठासारखं काम होतं. मुंबई-कोकणात आणि गोव्यात हवेतच इतका दमटपणा असतो की त्याच गोणपाटाने एखाद-दोन अंशांपलीकडे काही मिळत नाही.

पाणी फिरतंय का

बुडबुडे दिसतात म्हणजे टाकी ढवळली जाते, हा समज सगळ्यात महागात पडतो. चौकोनी टाकीत एका कोपऱ्यात पंप आणि त्याच कोपऱ्यात परतीचा पाईप असेल तर पाणी दीड हाताच्या वर्तुळात फिरत राहतं आणि समोरचा तळ तसाच पडून असतो. तिथे गाळ बसतो, मेलेल्या मुळांचे तुकडे साचतात, प्राणवायू संपतो आणि सडक्या अंड्याचा वास येतो. नवीन पाणी भरल्यावर आठ-दहा दिवसांनी त्रास परततो तो याच कोपऱ्यातून.

तपासायला फक्त ईसी मीटर लागतो. खत घातल्यावर पाऊण तासाने तीन ठिकाणचं पाणी घ्या: पृष्ठभागाजवळचं, पंपाजवळच्या तळाचं आणि पंपापासून सगळ्यात लांबच्या तळाचं. तळाचं पाणी घ्यायला एअर पंपाचीच पातळ नळी वापरा: एक टोक अंगठ्याने दाबून नळी खाली न्यायची, तळाशी अंगठा सोडायचा, पुन्हा दाबून वर काढायची. तीन आकड्यांत ०.१ पेक्षा जास्त फरक असेल तर टाकी मिसळत नाही. मीटर आधी १४१३ मायक्रोसीमेन्सच्या प्रमाणित द्रावणात जुळवून घ्या, नाहीतर पुढचा सगळा तपास वाऱ्यावर.

दुरुस्ती बहुधा पाईपांचीच असते. पंप एका टोकाला असेल तर परतीचं पाणी दुसऱ्या टोकाला पडलं पाहिजे. मिसळण्यासाठी पंपाच्या डिलिव्हरीवर टी लावून एक बायपास टाकीतच परत सोडा, त्याच्या टोकाला एल्बो लावून धार तळाला समांतर, भिंतीच्या कडेने जाईल अशी वळवा. गोल टाकीत यामुळे पाणी गोल फिरतं आणि गाळ मधोमध गोळा होतो, तो सायफनने काढायला सोपा. वेळेचा अंदाज: ताशी १००० लिटरचा पंप २०० लिटरची टाकी १२ मिनिटांत एकदा उलटवतो. नीट मिसळायला तीन-चार फेऱ्या लागतात, म्हणजे पाऊण तास. खत टाकून पाच मिनिटांत ईसी मोजून पुन्हा खत टाकणाऱ्यांचा आकडा सकाळी का उडालेला असतो, ते यातच आलं.

आता हवा

पंपाच्या डब्यावर लिहिलेला आकडा जवळपास शून्य खोलीचा असतो. एक मीटर पाण्याखाली हवा ढकलायला सुमारे १० किलोपास्कल दाब लागतो, आणि मत्स्यालयाचे छोटे डायफ्रॅम पंप तिथे दमतात. प्रत्यक्षात किती हवा येते ते एक लिटरच्या बाटलीने मोजा. बाटली पाण्याने भरून टाकीत उलटी धरा, तोंड एअर स्टोनवर (नळीच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) आणा, आणि बाटली हवेने भरायला किती सेकंद लागतात ते पहा. १२ सेकंद म्हणजे मिनिटाला ५ लिटर. परतीचं पाणी उंचावरून पडत असेल तर २०० लिटरच्या एनएफटी टाकीला एकूण १० लिटर पुरतात. मुळं सतत पाण्यात बुडालेल्या डीडब्ल्यूसी पद्धतीत याच्या दुप्पट धरा आणि राफ्टच्या (रोपं धरणाऱ्या फळीच्या) खाली तीन-चार सेंटीमीटर मोकळी हवा ठेवा.

आकडा कमी आला तर पंप बदलण्याआधी हे बघा. पंपाखालची फेल्टची गाळणी धुळीने भरलेली असते, ती कुणी उघडतच नाही. रबरी डायफ्रॅमला चीर गेली की आवाज वाढतो आणि हवा कमी होते. डायफ्रॅम सुटा मिळतो, तो बदलला की पंप पुन्हा चालतो. चार फाट्यांच्या मॅनिफोल्डवर एक स्टोन उथळ आणि तीन खोल असतील तर सगळी हवा उथळ स्टोनमधून जाते, त्यामुळे सगळे एकाच खोलीवर ठेवा. आणि बोअरच्या पाण्यात स्टोनवर चुना धरतो. स्टोन रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी उलट्या दिशेने हवा फुंका, धुवा. तरीही मोठे मोठे बुडबुडे एकाच जागेतून येत असतील तर स्टोन टाकून द्या, तो स्वस्त असतो.

पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर हवा. खाली ठेवायचाच असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर लाईट गेली की पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं. आणि पंप गच्चीवरच्या बंद पेटीत कोंडू नका. ४५ अंशाची हवा टाकीत सोडून पाणी थंड राहील ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

पैसे कमी असतील तर माझं मत स्पष्ट आहे: दुसऱ्या एअर पंपापेक्षा परतीचा पाईप सुधारा. हवा पाण्यात मुख्यतः तिथे विरघळते, जिथे पाण्याचा पृष्ठभाग सतत फाटतो आणि बदलतो. ४० मिमी पीव्हीसी पाईपला दर ५ सेंटीमीटरवर ५-६ मिमीची भोकं पाडा, टोकाला एंड कॅप लावा, आणि पाण्याच्या ३० सेंटीमीटर वर आडवा बसवा. पाणी धारांनी पडतं, पृष्ठभाग मोडतं, जाता जाता थोडं थंडही होतं. विजेचं बिल शून्य. स्टोनचं काम मग तळाचं पाणी वर आणण्यापुरतं राहतं, आणि ते तो चांगलं करतो. व्हेंचुरीही (वाहत्या पाण्याच्या जोराने हवा ओढून घेणारा अरुंद जोड) चालते, पण तिला दाब लागतो. लहान सबमर्सिबलवर ती लावली की चॅनेलचा प्रवाहच घटतो.

टाकीत सगळं ठीक असूनही चॅनेलच्या शेवटच्या रोपांचीच मुळं जात असतील तर दोष टाकीत नाही. पाणी चॅनेलमधून जाताना प्राणवायू कमी होत जातो. उतार १०० ला निदान १ असा ठेवा, प्रत्येक चॅनेलला मिनिटाला १ ते २ लिटर पाणी द्या, आणि लांबी १०-१२ मीटरच्या पुढे नेऊ नका. मुळांचा गठ्ठा चॅनेल अडवतो तेव्हाही हाच परिणाम दिसतो.

तळाशी पांढरा गाळ

गाळ निव्वळ खताची नासाडी नाही. तो स्टोनवर बसतो, त्यात सेंद्रिय कचरा अडकतो आणि वासाची सुरुवात तिथून होते. थोडा गाळ काढून व्हिनेगरमध्ये टाका. फसफसला तर कार्बोनेट: पाणी जड आहे आणि पीएच वर गेला होता. न फसफसता हळूहळू विरघळला तर कॅल्शियम फॉस्फेट. तसाच खरखरीत राहिला तर जिप्सम, म्हणजे कॅल्शियम आणि सल्फेट घट्ट अवस्थेत एकमेकांना भेटले. शेवटची दोन्ही कारणं मिसळण्याच्या क्रमात आहेत.

पालेभाजीसाठी २०० लिटर आरओ पाण्याचं हे प्रमाण चांगलं चालतं: कॅल्शियम नायट्रेट १६० ग्रॅम, १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) ६० ग्रॅम, ०:५२:३४ (मोनोपोटॅशियम फॉस्फेट) ४० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ८० ग्रॅम, चिलेटेड लोह (ईडीटीए, १२ टक्के) ४ ग्रॅम, आणि बाकीची सूक्ष्म अन्नद्रव्यं त्यांच्या पुड्यावरच्या मात्रेने. ईसी १.५ च्या आसपास येते. स्वस्त टीडीएस मीटरवर हाच आकडा ७५० दिसेल किंवा १०५०, मीटर ५०० च्या गुणकाचा आहे की ७०० च्या यावर. म्हणून सल्ला घेताना-देताना ईसीतच बोला.

दोन बादल्या घ्या, प्रत्येकी २ लिटर कोमट पाणी. पहिलीत कॅल्शियम नायट्रेट आणि लोह. दुसरीत बाकी सगळं. टाकी आधी पूर्ण भरा, पंप आणि हवा चालू करा, पीएच ६ च्या जवळ आणा. पहिली बादली परतीच्या धारेखाली हळूहळू ओता. पाऊण तास थांबा. मग दुसरी. अर्धी टाकी असताना खत ओतून वरून पाणी भरणं, किंवा दोन्ही बादल्या एकापाठोपाठ एकाच जागी रिकाम्या करणं, यातून दुधाळ ढग दिसतो तो कॅल्शियम गेल्याचा. नंतर लेट्यूसच्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात आणि दोष उन्हाला दिला जातो. बंद हवेतही कडा करपतात हे खरं, पण आधी बादल्या तपासा.

१९:१९:१९ टाकीत वापरू नका. त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं, जे ईसी मीटरला दिसतही नाही, आणि कॅल्शियम अजिबात नसतं. जमिनीत आणि फवारणीत त्याचं काम वेगळं.

हवा सुरू केली की पीएच का चढतो

संध्याकाळी ५.८ ला लावलेला पीएच सकाळी ६.८ होतो, आणि पंपाला दोष दिला जातो. पंप त्याचं कामच करत असतो. दख्खनच्या काळ्या कातळातल्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. आम्ल टाकलं की त्याचा कार्बन डायऑक्साईड होतो, हवेने तो बाहेर पडतो आणि पीएच वर येतो. म्हणून आम्ल टाकल्यावर दोन-तीन तास हवा चालू द्या, मग मोजा, मग उरलेलं आम्ल टाका.

पाण्याचा तपासणी अहवाल कृषी विज्ञान केंद्रातून किंवा माती-पाणी प्रयोगशाळेतून आणा आणि बायकार्बोनेटचा आकडा ६१ ने भागा. लिटरला २७५ मिलिग्रॅम असेल तर ४.५ मिलिइक्विव्हॅलंट. त्यातला १ शिल्लक ठेवायचा, ३.५ मारायचा. ६० टक्के नायट्रिक आम्लाचं प्रमाण लिटरला सुमारे ०.२७ मिली, म्हणजे २०० लिटरला ५४ मिली. आधी १० लिटरच्या बादलीत २.७ मिलीने करून बघा. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे, चष्मा, उघडी जागा.

हेच काम फॉस्फोरिकने केलं तर लिटरमागे १०० मिलिग्रॅमहून जास्त स्फुरद जातं. वरच्या प्रमाणात ते ४५ असायला हवं. जादा स्फुरद कॅल्शियमला गाळात नेतं आणि लोह अडवतं. नायट्रिकमधून येणारं नत्र (इथे लिटरला ४९ मिलिग्रॅम) धरून १३:०:४५ काढून टाका आणि त्याजागी ०:०:५० (पोटॅशियम सल्फेट) ५४ ग्रॅम घाला. पालाश तेवढंच राहतं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम आधीच असतं, अहवाल पाहून तेही कमी करा.

पीएच सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला मोजा. रोज दिवसभरात अर्ध्याहून जास्त चढून रात्री उतरत असेल तर ते शेवाळ आहे. निळ्या ड्रममधून प्रकाश आत येतो. दिवसा शेवाळ प्राणवायू देतं, रात्री तोच ओढून घेतं. बाहेरून आधी काळा, त्यावर पांढरा रंग द्या.

टाकीत काय नको

जीवामृत. शेतासाठीची कृतीही २०० लिटरचीच असल्यामुळे हात तिकडे वळतो. पण त्यात दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि शेण असतं. जमिनीला हे खाद्य पचतं. टाकीत एवढं साखर-पीठ मिळालं की जिवाणू एका रात्रीत वाढतात आणि पाण्यातला प्राणवायू मुळांच्या आधी तेच संपवतात. ह्युमिक, समुद्री शेवाळाचा अर्क यांचंही कमी-अधिक तसंच. शिवाय फेस येतो.

धुणं

नुसती टाकी घासून भागत नाही, कारण बुळबुळीत थर पाईपांत आणि चॅनेलच्या तळाशी शिल्लक असतो. पीक काढल्यावर टाकीत ५० लिटर पाणी घ्या, ४ टक्क्यांचं घरगुती ब्लीच २५० मिली टाका, आणि तासभर सगळ्या चॅनेलमधून फिरवा. स्टोन, जाळीचे कप, पंपाची गाळणी त्यातच. मग साध्या पाण्याने दोनदा. ब्लीच आणि आम्ल एकाच दिवशी वापरायचं असेल तर मध्ये नीट धुवा. दोन्ही एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निघतो.

रोपं उभी असताना हे करता येत नाही. तेव्हा मेडिकलमध्ये मिळणारं ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साईड २०० लिटरला १०० मिली, संध्याकाळी, एकदा. ते दिवसभरात संपतं, लोहाच्या चिलेटचंही थोडं नुकसान करतं, आणि ट्रायकोडर्मा किंवा बॅसिलस (रोगाशी लढणारी उपयोगी बुरशी आणि जिवाणू) सोडले असतील तर त्यांनाही मारतं. दोन्हींपैकी एकच मार्ग धरा, नाहीतर मध्ये निदान तीन दिवसांचं अंतर ठेवा. हे निर्जंतुक करण्यासाठी आहे. हवेला पर्याय म्हणून रोज टाकायचं नाही.

भारनियमनाचं गणित पद्धतीनुसार बदलतं. डीडब्ल्यूसीत मुळांभोवती पाणी आहे, त्यामुळे तास-दोन तास निभतात, आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर एक डीसी एअर पंप ठेवला तर रात्रही निघते. एनएफटीत मे महिन्याच्या दुपारी अर्ध्या तासात मुळं सुकू लागतात; तिथे इन्व्हर्टरवर एअर पंप लावून काही होत नाही, पाण्याचा पंप लावावा लागतो.

ज्या रोपाच्या मुळांचा निम्म्याहून जास्त भाग तपकिरी झालाय ते वाचवू नका. कपासकट उपटा, टाकीवर न झटकता थेट पिशवीत टाका, आणि त्या चॅनेलमध्ये अडकलेले तुकडे परतीच्या तोंडाशी जाळी लावून गोळा करा. नवीन रोप लावण्याआधी टाकीचं तापमान दुपारी चारला सलग तीन-चार दिवस २८ च्या खाली दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर एप्रिल-मेपुरतं लेट्यूस सोडून बेझिल किंवा पुदिना लावा.